जुन्या गाडीचा डिझेल-पेट्रोलचा काटा पुन्हा पुन्हा बिघडतो? टाकी उतरवण्याआधी हे तपासा

जुनी बोलेरो, कमांडर जीप, सुमो, ४०७ किंवा ओम्नी. टाकीचा काटा चालेनासा झाला की तालुक्याच्या गावी बहुतेक एकच इलाज होतो. टाकी उतरवायची, नवा फ्लोट (टाकीतलं इंधन मोजणारं युनिट) टाकायचा, काटा हलला की गाडी परत द्यायची. महिना-दोन महिन्यांत काटा पुन्हा झोपतो. मग 'आजकालचे फ्लोट टिकत नाहीत' म्हणून आणखी एक फ्लोट येतो.

खरं तर बऱ्याच वेळा पहिला फ्लोट चांगलाच असतो. बिघाड आर्थिंगमध्ये (करंट चासीतून परत जाण्याच्या जोडात) नाहीतर वायरमध्ये असतो. टाकी उतरवताना वायर हलते, थिंबल (वायरच्या टोकाचं धातूचं कडं) काढून पुन्हा कसला जातो, गंजाचा थर जरा खरवडला जातो आणि तेवढ्यावर काटा चालू होतो. श्रेय नव्या फ्लोटला मिळतं. गंज पुन्हा धरला, की तक्रार पुन्हा दारात. म्हणून टाकी हा शेवटचा टप्पा ठेवा. त्याआधीची तपासणी गाडी जागेवर उभी ठेवून, एका वायरच्या तुकड्याने आणि साध्या मल्टिमीटरने अर्ध्या तासात होते.

काटा नेमकं काय मोजतो

बाजारात अख्ख्या टाकी-युनिटलाच फ्लोट म्हणतात, इथेही तसंच म्हणू. त्याच्या दांडीच्या टोकाला एक तरंगणारी डबी असते. दांडीच्या दुसऱ्या टोकाला बारीक तारेची गुंडाळी असते आणि तिच्यावरून घासत जाणारी एक छोटी पट्टी. इंधन खाली-वर झालं की पट्टी सरकते आणि रोध (करंटला होणारा अडथळा, तो ओहममध्ये मोजतात) बदलतो. डॅशबोर्डच्या मीटरमधून निघालेला करंट एका वायरने या गुंडाळीत येतो, फ्लोटच्या पत्र्यातून चासीत उतरतो आणि बॅटरीच्या निगेटिव्हला परत जातो.

म्हणजे मीटरला इंधन कळत नाही, फक्त रोध कळतो. वाटेत कुठे गंजाचा, ढिल्या स्क्रूचा किंवा काळ्या पडलेल्या कनेक्टरचा रोध वाढला, तर मीटर तोही इंधनाच्याच हिशेबात धरतो. ही एक गोष्ट लक्षात ठेवली तर निम्म्या तक्रारींचं मूळ जागेवर सापडतं.

फ्लोट मुख्यतः दोन तऱ्हांचे येतात. ओम्नी, मारुती ८०० अशा जपानी धर्तीच्या गाड्यांत टाकी भरलेली असताना रोध अगदी कमी, दोन-चार ओहमच्या आसपास असतो आणि रिकामी असताना शंभराच्या वर जातो. व्हीडीओ (VDO, मीटर बनवणारी कंपनी) पद्धतीच्या युनिटमध्ये नेमकं उलटं: रिकामी टाकी १० ओहम, भरलेली १८० ओहम.

आता समजा आर्थिंगच्या जागी गंजामुळे ३० ओहमचा रोध आला. पहिल्या तऱ्हेच्या गाडीत टाकी गळ्यापर्यंत भरली तरी काटा 'एफ'ला पोचत नाही, मध्येच थांबतो. गाडीवाला पंपावर वाद घालतो, पण धोका काही नाही. दुसऱ्या तऱ्हेत मात्र रिकाम्या टाकीचे १० आणि गंजाचे ३० मिळून ४० होतात, आणि कोरडी टाकी काट्यावर पावच्या आसपास भरलेली दिसते. अशी गाडी आलापल्लीहून भामरागडकडे निघाली किंवा परतवाड्याहून धारणीच्या घाटात शिरली तर जंगलात उभी राहणार. त्यामुळे 'काटा थोडा जास्त दाखवतो, चालतं' ही तक्रार 'काटा अजिबात चालत नाही' यापेक्षा वाईट समजा. बंद काट्यावर कोणी विसंबत नाही.

एका वायरची तपासणी

फ्लोटवर येणारी वायर शोधा. काही गाड्यांत मागच्या सीटखाली गोल झाकण असतं, त्याखाली ती मिळते. जीपमध्ये आणि ४०७ मध्ये टाकीच्या माथ्यावर किंवा बाजूला उघडीच दिसते. पेट्रोलची गाडी असेल तर आधी वास घ्या. पेट्रोलचा वास येत असेल तर ही तपासणी टाकीजवळ करू नका. चासीच्या कडेने पुढे जाऊन पहिल्या कनेक्टरवर करा. टाकीजवळ ठिणगी पडता कामा नये, यासाठी सोपा क्रम ठेवा: चावी बंद, मग जोडणी, मग चावी ऑन. काढतानाही आधी चावी बंद.

चावी बंद ठेवून फ्लोटची वायर काढा, ती कुठे टेकणार नाही अशी मोकळी ठेवा आणि चावी ऑन करा. काटा एका टोकाला जाईल. चावी बंद करा. आता वायरचं टोक चासीच्या स्वच्छ खरवडलेल्या बोल्टला जोडा, पण सरळ जोडू नका. मध्ये डॅशबोर्डचा १२ व्होल्ट, ३.४ वॅटचा बल्ब घाला, म्हणजे मीटरच्या आतली बारीक तार जळण्याची भीती राहत नाही. गाडी २४ व्होल्टची असेल तर बल्बही २४ चाच हवा. चावी ऑन केल्यावर काटा पहिल्या टोकावरून निघून दुसऱ्या बाजूला चालू लागला, तर मीटर, फ्यूज आणि मागून पुढे जाणारी वायर तिन्ही ठीक. दोष फ्लोटमध्ये किंवा त्याच्या आर्थिंगमध्ये. काटा ढिम्म राहिला, तर दोष वायरमध्ये किंवा मीटरच्या बाजूला. टाकीला हात लावायची गरज नाही.

इथे घाई नडते. जुन्या मीटरांत काटा दोन धातूंच्या पट्टीवर चालतो. पट्टी तापते, वाकते, मग काटा सरकतो. त्याला अर्धा ते एक मिनिट लागतो. पाच सेकंद बघून 'मीटर गेला' असा निकाल देऊन चांगले मीटर भंगारात गेलेले आहेत. कॉइलचा मीटर असेल तर काटा लगेच उडी मारतो.

वायर मोकळी ठेवल्यावर काटा कुठे गेला तेही लिहून ठेवा. मोकळ्या वायरला 'ई' आणि आर्थला 'एफ' दाखवत असेल तर तुमची गाडी पहिल्या तऱ्हेची. उलट असेल तर दुसऱ्या. नवा फ्लोट घ्यायची वेळ आली तर ही नोंद उपयोगी पडेल.

आर्थिंग

टाकी चासीला घट्ट बोल्टने बसवलेली दिसते, म्हणून तिला आर्थिंग मिळतच असणार असं वाटतं. तसं नसतं. टाकीखाली रबराच्या पट्ट्या असतात, वरून रंग असतो, पट्ट्यांवर रंग असतो. पुष्कळ गाड्यांत टाकीचं आर्थिंग फक्त एका छोट्या काळ्या वायरवर किंवा एका स्क्रूवर अवलंबून असतं. प्लास्टिकच्या टाकीत तर फ्लोटवर दोन वायरी येतात, त्यातली एक निव्वळ आर्थची. आपल्याकडे पांदण रस्त्यांवर पावसाळ्यात काळा चिखल टाकीच्या माथ्यावर चढतो, वाळून कडक होतो आणि पुढच्या पावसात पुन्हा ओल धरतो. अशा ओल धरणाऱ्या थराखालचा स्क्रू सगळ्यात आधी गंजतो. माती ब्रशने झटकून तो स्क्रू उजेडात पाहिला तर भोवती केशरी भुकटीचं कडं दिसतं आणि थिंबल बोटाने गोल फिरतो. जिथे थिंबल फिरतो, तिथे काटाही फिरणार.

मल्टिमीटर ओहमवर लावा. आधी दोन्ही पिना एकमेकींना टेकवून पिनांचा स्वतःचा रोध बघा, बहुतेक ०.२ ते ०.५ ओहम येतो. तो पुढच्या मोजमापातून वजा करायचा. मग एक पीन फ्लोटच्या पत्र्याच्या खरवडलेल्या जागेवर आणि दुसरी बॅटरीच्या निगेटिव्हवर, चावी बंद ठेवून. पिनांचा रोध वजा करून एक ओहमच्या आत आलं तर ठीक. तीन-चार ओहम आले तरी काटा फसतो, आणि आकडा स्थिर न राहता नाचत असेल तर जोड ढिला आहे.

उपाय कायमचा करायचा असेल तर जुनं आर्थिंग नुसतं खरवडून सोडू नका. दीड चौरस मिलिमीटरची नवी काळी वायर फ्लोटच्या एका स्क्रूवरून थेट चासीच्या बोल्टला न्या. एवढ्या जाड वायरची करंटसाठी गरज नाही, धक्क्यांनी तुटू नये म्हणून ती हवी. दोन्ही टोकांना गोल थिंबल चेपून डाखवा (सोल्डर करा). चासीवरचा रंग खरवडून चकचकीत पत्रा काढा, दातेरी वॉशर घाला, कसा. ग्रीस किंवा पेट्रोलियम जेली कसून झाल्यावर वरून लावा. आधी आत भरलं तर पत्र्याला पत्रा नीट भिडत नाही. हे काम नीट झालं की वारंवार येणाऱ्या तक्रारींतल्या बऱ्याचशा इथेच संपतात.

वायर

सोयाबीन, हरभरा, तूर घरात येते त्या दिवसांत गाडी गोठ्याजवळ किंवा कट्ट्यांच्या शेजारी उभी असते. उंदीर वायर चावतात, आणि चासीतून मागे जाणारी ही वायर त्यांना हाताशीच मिळते. पूर्ण तुटलेली वायर सोपी असते, काटा एका टोकाला जाऊन बसतो. अर्धवट चावलेली वायर जास्त छळते. कोरड्यात काटा बरोबर, पावसात किंवा गाडी धुतल्यावर चुकीचा.

वायर चासीला घासून आर्थ होत असेल तर टाकीजवळ ती काढून मोकळी ठेवली तरी पहिल्या तऱ्हेच्या गाडीचा काटा 'एफ'वरच राहतो. मग डॅशबोर्डमागे मीटरवरचं टोक काढा. काटा 'ई'कडे उतरला तर वाटेत वायर कुठेतरी पत्र्याला लागली आहे. दोन्ही टोकं मोकळी ठेवून वायर आणि चासी यांच्यात ओहम मोजा. काहीच दाखवू नये. मग दुसऱ्याला मल्टिमीटर बघायला सांगून स्वतः वायर टप्प्याटप्प्याने हलवत जा. दरवाज्याच्या उंबऱ्याखाली, मागच्या एक्सलच्या वर आणि जिथे वायर चासीच्या भोकातून जाते त्या रबरी बुशजवळ दोष जास्त सापडतो.

जोड देताना वायर पिळून वर टेप गुंडाळणं हे पुन्हा बिघाडाचं आमंत्रण आहे. मे महिन्यात चंद्रपूर, अकोला, नागपूरकडे पारा ४५ च्या वर जातो आणि चासीखाली टेपचा गोंद वितळून टेप सरकते. जोड डाखवा, वर उष्णतेने आवळणारी नळी चढवा, आणि वायर खाचांच्या प्लास्टिक नळीतून न्या. सायलेन्सरपासून तिला लांब बांधा.

मीटरची बाजू

वायर ठीक असूनही काटा हलत नसेल तर सगळ्यात आधी फ्यूज. जुन्या गाड्यांत काचेचा फ्यूज जळलेला नसतो, पण त्याच्या पितळी पकडी हिरव्या पडलेल्या असतात. फ्यूज काढून पकडी घासा आणि जरा आवळा. त्याच फ्यूजवरचे बाकीचे दिवे-मीटर चालतात का तेही बघा.

मीटरच्या मागचे नट धक्क्यांनी ढिले होतात. काही गाड्यांत मागे तांब्याच्या रेघांची लवचीक पट्टी असते, तिला नटाजवळ तडा जातो. रेघा पेनाच्या शाईच्या खोडरबरने पुसा. पॉलिश पेपर लावू नका, तांबं फार पातळ असतं.

एक खूण नेहमी बघा: डिझेलचा काटा आणि इंजिनच्या तापमानाचा काटा दोन्ही एकाच वेळी जास्त दाखवू लागले, तर फ्लोटही निर्दोष आणि तापमानाचा सेन्सरही. दोघांना मिळून करंट देणारा व्होल्टेज स्टॅबिलायझर किंवा त्याचं आर्थिंग गेलेलं असतं. ब्रिटिश धर्तीच्या जुन्या मीटरांत हा तीन टोकांचा छोटा डबा असतो, बी, आय आणि ई अशा खुणांचा, आणि तो मीटरना सरासरी १० व्होल्ट देतो. तो आतून चालू-बंद होत ही सरासरी राखतो, त्यामुळे डिजिटल मल्टिमीटरवर आकडे उड्या मारतात. टेस्ट लँप लावला तर तो लुकलुकताना दिसतो. लँप सलग जळत असेल तर डबा अडकला आहे किंवा त्याच्या स्क्रूचं आर्थिंग सुटलं आहे. आधी तो स्क्रू काढून घासून बसवा. तरी फरक नसेल तर त्याच्या जागी ७८१० नंबरची आयसी चालते. इनपुटला ०.३३ आणि आउटपुटला ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावायचा आणि आयसीचा पत्रा डॅशबोर्डच्या धातूला घट्ट कसायचा. ही युक्ती १० व्होल्टच्या मीटरपुरतीच. ज्या मीटरला थेट १२ व्होल्ट जातात तिथे ती लावू नका.

टाकी उघडायचीच असेल तर

एवढं करूनही दोष फ्लोटमध्येच निघाला तर टाकी उघडावी लागते. डिझेलपेक्षा पेट्रोलच्या गाडीत दहापट सावध राहा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत पसरते आणि खड्ड्यात साचते. म्हणून हे काम सर्व्हिसिंगच्या खड्ड्यावर, बंद शेडमध्ये किंवा चूल पेटलेल्या अंगणात करायचं नाही. उन्हाळ्यात तर सकाळी लवकर, उघड्यावर करा. बॅटरीचा निगेटिव्ह आधी काढा. आसपास बिडी, ग्राइंडर, वेल्डिंग काही नको. पाना जवळ ठेवता तशी वाळूची बादली आणि पावडरचा अग्निशामक हाताशी ठेवा. पेट्रोल प्लास्टिकच्या बादलीत काढू नका, धातूच्या कॅनमध्ये काढा. टाकी गळते म्हणून ती तशीच वेल्डिंगला देणं म्हणजे जिवाशी खेळ आहे. रिकाम्या टाकीतली वाफ भरलेल्या टाकीपेक्षा जास्त धोक्याची.

फ्लोट टाकीच्या बाजूला बसवलेला असेल तर इंधन त्याच्या भोकाच्या खाली उतरवल्याशिवाय स्क्रू सोडू नका. उघडण्याआधी टाकीचा माथा ब्रशने आणि हवेने स्वच्छ करा, नाहीतर सगळी काळी माती टाकीत जाऊन पुढे फिल्टर चोक करेल. गंजलेल्या स्क्रूंना आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल द्या. बऱ्याच फ्लोटना पाच स्क्रू असतात आणि त्यांची भोकं सारख्या अंतरावर नसतात, म्हणजे फ्लोट एकाच बाजूने बसतो. तरी फ्लोट आणि टाकी यांवर मिळून एक खूण कोरून ठेवा. रिंगने बसणारा फ्लोट असेल तर रिंग लाकडाच्या नाहीतर पितळेच्या तुकड्याने ठोकून फिरवा, लोखंडी छिन्नीने नाही.

फ्लोट काढताना दांडी तिरपी करून हळूच बाहेर घ्या. खेचलीत तर वाकेल आणि मग काटा कधीच खरं दाखवणार नाही.

बाहेर आल्यावर मल्टिमीटर फ्लोटच्या टोकाला आणि पत्र्याला लावा, दांडी अगदी खालपासून वरपर्यंत हळू फिरवा. आकडा सलग चढत किंवा उतरत गेला पाहिजे. मध्येच एकदम अनंत दाखवून परत आला तर गुंडाळीची तार तिथे झिजली किंवा तुटली आहे. गाडीतली तक्रार याच्याशी ताडून बघा: 'अर्ध्यापर्यंत बरोबर येतो, मग एकदम पडतो' ही तक्रार बहुतेक वेळा इथलीच असते. गाड्या वर्षानुवर्षे अर्ध्या-पाव टाकीवरच चालवल्या की पट्टी त्याच पट्ट्यात घासते आणि तेवढाच भाग झिजतो.

गुंडाळीवर नुसता काळा थर असेल तर काँटॅक्ट क्लीनर मारून मऊ ब्रशने साफ करा. पॉलिश पेपरने घासली तर केसासारखी तार तुटते. पट्टी गुंडाळीला टेकत नसेल तर अगदी थोडी वाकवून दाब वाढवा.

मग डबी. पितळी डबी कानाजवळ हलवा, आत इंधन डुचमळत असेल तर तिला बारीक भोक आहे. अशी डबी बुडते आणि टाकी भरली तरी काटा उठत नाही. तिला डाखवायच्या भानगडीत पडू नका, आतल्या वाफेला आच लागली तर डबी फुटते; नवी घाला. प्लास्टिकची किंवा फोमची डबी इंधन शोषून जड होते. डबी दांडीवरून काढून एका कॅनमधल्या त्याच इंधनात सोडा. निम्म्याहून जास्त बुडत असेल तर बदला.

टाकीच्या तळाशी बॅटरीवर चालणारा टॉर्च मारून बघा, पण तो टाकीपासून दूर असतानाच चालू करा. पावसाळ्यात टाकीच्या आत ओल धरते, ड्रममध्ये ठेवलेल्या डिझेलबरोबर पाणी येतं, आणि तळाला काळपट चिकट गाळ बसतो. तो दांडीच्या सांध्यात गेला की काटा जागच्या जागी अडकतो. गाळ असेल तर टाकी धुतल्याशिवाय नवा फ्लोट टाकू नका, तोही अडकेल. टाकीला खालून दगड लागून पोचा आला असेल तर डबी तळाला आधीच टेकते आणि काटा 'ई'च्या वरच थांबतो. तेव्हा दोष पत्र्यात असतो.

पॅकिंगबद्दल ठामपणे सांगायला हवं. टायरच्या ट्यूबमधून कापलेलं पॅकिंग पेट्रोल-डिझेलमध्ये फुगतं, मऊ पडतं आणि टाकी फुल केली की तिथून गळतं. घरात खिडक्यांना वापरायचं साधं सिलिकॉनही पेट्रोलला टिकत नाही. नायट्राइल रबराचं पॅकिंग मागा. पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि ते जुन्या साध्या रबराला आणखी लवकर खातं, शिवाय ओलही ओढतं. पेट्रोलच्या जुन्या गाडीत व्हिटॉनचं पॅकिंग मिळालं तर तेच घ्या, थोडं महाग असलं तरी. स्क्रू समोरासमोरचे जोडीने, थोडे थोडे कसा.

नवा फ्लोट घेताना

'सगळ्याला बसतो' या शब्दावर फ्लोट घेऊ नका. भोकं जुळतात, रोध जुळत नाही. जुना फ्लोट आणि मल्टिमीटर दोन्ही दुकानात न्या. जुन्याची दांडी खाली आणि वर असताना किती ओहम येतात ते बघा, नव्याचे आकडे त्याच्या जवळपास हवेत. जुना पार तुटलेला असेल तर वायरच्या तपासणीत लिहून ठेवलेली नोंद काढा आणि निदान तऱ्हा तरी जुळवा. उलट्या तऱ्हेचा फ्लोट बसवला तर टाकी रिकामी होताना काटा चढत जातो. दांडीची लांबी आणि वळणंही जुन्याशी शेजारी ठेवून ताडा. दांडी लांब असेल तर टाकीच्या आतल्या पडद्याला अडते.

बसवल्यावर काटा जुळवायचा. टाकीत फक्त पाच लिटर इंधन ठेवा, गाडी सपाट जागेवर उभी करा, चावी ऑन ठेवून दोन मिनिटं थांबा. काटा तेव्हा 'ई'च्या रेषेवर असावा. जास्त दाखवत असेल तर चावी बंद करून, फ्लोट पुन्हा काढून दांडी डबीच्या बाजूला दोन-तीन मिलिमीटर वर वाकवा. कमी दाखवत असेल तर खाली. मग पाच-पाच लिटर मापाने ओतत काट्याची जागा कागदावर लिहा. टाकीचा आकार वर-खाली सारखा नसतो, त्यामुळे काट्यावरचं अर्धं म्हणजे अर्धी टाकी असेलच असं नाही. जुळवायचं ते 'ई'. 'एफ' थोडा इकडेतिकडे झाला तरी काही बिघडत नाही.

काटा खरा असतो, गाडी तरी बंद पडते

काटा पाव दाखवतोय आणि गाडी तेल संपल्यासारखी बंद. लोक काट्याला दोष देतात, पण दोन गोष्टी आधी बघा. टाकीचं झाकण उघडा. आत हवा खेचल्याचा सुस्कारा आला आणि थोड्या वेळाने गाडी सुरू झाली, तर झाकणाचं हवेचं भोक धुळीने बुजलं आहे. पऱ्हाटीच्या वावरातल्या बारीक काळ्या धुळीने ते सहज बुजतं. दुसरं, टाकीतल्या इंधन ओढणाऱ्या नळीला मध्ये गंजाने भोक पडलेलं असतं. इंधन त्या भोकाच्या खाली गेलं की नळी हवा ओढते आणि गाडी दरवेळी बरोबर त्याच पातळीवर बंद पडते. दरवेळी तीच पातळी, ही या दोषाची पक्की खूण.

घाटात चढणीवर काटा चढणं-उतरणं, वळणावर डोलणं हे मात्र बिघाडात धरू नका. इंधन टाकीत एका बाजूला जातं, काटा त्याच्यामागे जातो.

दुरुस्ती होईपर्यंत

ज्या गाडीच्या टाकीच्या तोंडातून तळापर्यंत सरळ वाट आहे तिथे, आणि ट्रॅक्टरला तर हमखास, बांबूची स्वच्छ सोललेली कामटी वापरा. टाकी रिकामी असताना पाच-पाच लिटर ओतून कामटीवर चाकूने खाचा पाडून घ्या. कामटी रोज वावरातून उचललेली नको, एकच ठरलेली, पिशवीत ठेवलेली हवी. वावरातल्या कामटीबरोबर माती टाकीत जाते. वाकड्या गळ्याच्या गाडीत कामटी जात नाही, तिथे किलोमीटर मोजा. टाकी फुल करा, गाडी नेहमीसारखी चालवा, पुन्हा फुल करा, आणि चाललेल्या किलोमीटरला लागलेल्या लिटरने भागा. लिटरला १० किलोमीटर आणि टाकी ४५ लिटरची असेल, तर ४५० वर न जाता ३५० ला पंप गाठा. ट्रॅक्टरचा हिशेब तासांवर ठेवा आणि नांगरटीचा वेगळा, ट्रॉलीचा वेगळा. दोन्हीत इंधनाचा फरक मोठा असतो.

डिझेलची गाडी एकदा कोरडी झालीच, तर नुसतं डिझेल ओतून सेल्फ मारत राहू नका, बॅटरी उतरते आणि सेल्फ तापतो. निदान पाच लिटर ओता, फिल्टरवरचा हवेचा स्क्रू ढिला करा आणि हातपंप दाबत राहा. आधी फेस येईल, मग बुडबुडे, मग सलग डिझेल. सलग डिझेल येत असतानाच स्क्रू कसा, वर चार-सहा दाब द्या आणि मग सेल्फ मारा. एका वेळी दहा-पंधरा सेकंदांपेक्षा जास्त नाही, मध्ये मिनिटभर थांबून. तरी सुरू झाली नाही तर इंजेक्टरच्या पाइपांचे नट एकेक करून ढिले करून तिथली हवा काढावी लागते. तिथे दाब फार असतो, बोट किंवा चेहरा जवळ नेऊ नका.